माडबागची मशीनं

माडबागची मतांची मशीनं उघडायची तेवढी राहिली होती, आणि दयानंद हातातला फोन खाली ठेवायला तयार नव्हता.

शुक्रवार, सुट्टीचा दिवस. मस्कतजवळच्या अल अमेरातच्या त्या घरात कोकणातले बाराजण राहायचे. सहा खारवलीचे, सहा खाडीपलीकडच्या माडबागचे. स्वयंपाकघर एक, पण शेगड्या दोन. फ्रीजचे कप्पेसुद्धा वाटून घेतलेले. तिकडे गावाकडे सरकारने दोन्ही ग्रामपंचायती मोडून एक नगरपंचायत केली, तरी इथे खारवलीचा कुकर खारवलीच्याच शेगडीवर चढायचा.

त्या नगरपंचायतीचा पहिला अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरणार होता. माडबागकडून उभ्या होत्या रखमाबाई, आणि खारवलीकडून दयानंदची बायको, श्यामला.

व्हॉट्सअॅपवर इथून कॉल लागत नाही. त्यामुळे मतमोजणीच्या फाटकाबाहेर उभी असलेली त्याची मुलगी, ज्ञानदा, आवाज रेकॉर्ड करून पाठवत होती.

"पप्पा, खारवली संपली. आई एकशे चाळीसने पुढे आहे. आता माडबाग."

एकशे चाळीस! माडबाग थोरलं गाव. मनात आणलं तर एवढी आघाडी त्यांची एक वाडी खाऊन टाकेल. आणि मनात आणायला कारण खुद्द दयानंदने दिलं होतं.

दहा दिवसांपूर्वी मस्कतमधल्या कुरुमला एका गच्चीवर एसी दुरुस्त करताना त्याला जोर चढला. त्याने फोन तोंडाशी धरला आणि बोलून मोकळा झाला, "एकदा श्यामला खुर्चीत बसू दे. मग माडबागवाले पाण्यासाठी आपल्या दारात रांग लावतात की नाही, बघा!" पाठवायचं होतं खारवलीच्या ग्रुपवर. गेलं घराच्या ग्रुपवर, जिथे गॅस कोणी आणायचा आणि संडास कोणी धुवायचा एवढंच ठरतं. त्याने पुसेपर्यंत माडबागच्या गजेंद्रने ते गावाला पाठवलंसुद्धा होतं.

त्या दिवसापासून गजेंद्र त्याच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. आत्ताही पाठ करून आपल्या शेगडीवर कोंबडीसाठी कांदा परतत होता. श्यामलाला दयानंदने रडत रडत सगळं सांगितलं होतं. ती "बरं" म्हणाली, बस्स. बिचारी दोन महिने उन्हातान्हात घरोघर फिरली, आणि आपण दहा सेकंदांत तिला बुडवलं, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

फोन वाजला. गजेंद्रने गॅस बारीक केला.

मागे ढोल बडवत होते. ज्ञानदा किंचाळत होती. "पप्पा, माडबागमध्ये पण आईच पुढे! टोटल चारशे सहाने! पप्पा, आई जिंकली!"

खारवलीच्या पोरांनी एकच गिल्ला केला. दयानंद तांदळाच्या पोत्यावर मटकन बसला.

"माडबागने मत दिलं? मी एवढं बोललो तरी?"

गजेंद्र वळला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"तुम्हाला कोण मत देतंय, दयाभाऊ?"

त्याने हात पुसले, फोन काढला आणि एक व्हिडिओ लावला. माडबागच्या देवळासमोरचं पटांगण, माणसांनी भरलेलं. मधोमध श्यामला. तिने आपला फोन माईकला लावला, आणि दयानंदचा आवाज सगळ्या माडबागवर घुमला. पाण्यासाठी दारात रांग, वगैरे वगैरे. मग श्यामला म्हणाली, "ऐकलंत? हे आमचे यजमान. ते मस्कतला आहेत, आणि उभी मी आहे. नवा नळ पहिल्यांदा माडबागच्या वरच्या वाडीत येईल. नाही आला, तर हेच बोलणं माझ्या दारात येऊन वाजवा." पटांगण हसून हसून लोळत होतं.

"आमच्या घरची पाचच्या पाच मतं वहिनींना," गजेंद्र म्हणाला.

"आणि हे मला कोणी सांगितलं नाय?"

"वहिनींनी निरोप दिला होता. 'ह्यांना सांगू नका, परत काहीतरी बोलतील.'"

"म्हणून दहा दिवस अबोला?"

"पहिले दोन दिवस रागाने. मग तुमचं तोंड बघितलं की हसू यायचं. बोललो असतो, तर खलास. सगळं सांगून टाकलं असतं."

सगळं स्वयंपाकघर हसलं. दयानंदही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. असली बायको आपल्याला मिळाली याचा त्याला एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

तेवढ्यात श्यामलाचाच मेसेज आला. घसा पार बसला होता. "अहो, जिंकलो. आता ऐका. आज तिथे सगळ्यांचं जेवण एकत्र होऊ द्या. वाढायचं तुम्ही. आणि आधी माडबागला."

दयानंदने उत्तर द्यायला फोन तोंडाशी नेला.

"दयाभाऊ," गजेंद्र म्हणाला, "ग्रुप बघून हां."

दयानंदने बघितला. नीट, दोनदा बघितला. मग खारवलीचा सोडून घराचा ग्रुप उघडला आणि खणखणीत आवाजात बोलला, "ताटं घेऊन या रे. आज मी वाढतोय. आधी माडबाग."

त्याच्या चहूबाजूंनी अकरा फोन एकदम वाजले.