एकच दगड

किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक अंगणात तुरळक होती, जिन्यावर वाढली आणि सरांच्या खोलीत पाऊल टाकताच नुसता तडतडाट सुरू झाला.

"बघा. मी म्हणत नव्हते?" सरांची मुलगी दाराबाहेरूनच म्हणाली.

तपासनिसाने तिला मागे व्हायची खूण केली. तिला सातवा महिना लागलेला, आणि पाच वर्षांची चिंगी तिच्यामागून डोकावत होती. दोघींना त्याने खाली अंगणात पाठवलं, खिडक्या सताड उघडल्या आणि मास्क चढवला. सर मात्र जागचे हलले नाहीत. ते भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि तपासनीस त्यांचाच जुना विद्यार्थी. ज्यांनी आपल्याला किरणोत्साराचे धडे दिले त्यांच्याच घरी यंत्र घेऊन यावं लागलं, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

मुलीने फोनवर सगळं सांगितलं होतं. बाबा दोन महिन्यांत दुसऱ्यांदा डोंगरात गेले आणि या खेपेला एक दगड घेऊन आले. हा युरेनियमचा दगड आहे, माझ्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी तंबी त्यांनीच घरात दिली. तेव्हापासून माणूसच बदलला. वेगळे जेवतात, ताट स्वतःच घासतात. परवा चिंगी मांडीवर चढायला गेली तर तिच्यावर असे खेकसले की पोर झोपेतही मुसमुसत होती. आजोबांना नातीपेक्षा दगड प्यारा झाला, असं मुलीचं म्हणणं. तिचं आधीचं बाळ सातव्याच महिन्यात गेलं होतं. यावेळी तिला कसलाच धोका नको होता. आज घर निर्धोक झालं नाही तर ती चिंगीला घेऊन कायमची निघणार होती. गाडी फाटकाशी येऊन उभीच होती.

दगड टेबलावर काचेच्या उघड्या डबीत होता. काळपट, मुठीएवढा, अंगावर पिवळ्या-हिरव्या पापुद्र्यांची खपली. तपासनिसाने पडदे ओढून त्यावर अतिनील किरणांचा टॉर्च मारला. खपली पोपटी उजळली. असा नमुना त्याने आजवर फक्त चित्रात पाहिला होता, आणि भीती वाटत असतानाही क्षणभर त्याला मोह पडला.

"चांगला आहे ना?" सरांनी विचारलं. आवाज पार बसलेला होता.

"दुर्मीळच आहे, सर. पण घरात ठेवायची वस्तू नव्हे."

वर्गात एकेका खड्यावर तास तास बोलणारा माणूस आज वाद घालत नव्हता, हेही तपासनिसाला खटकलं.

त्याने यंत्र दगडाला जवळजवळ टेकवलं. टिकटिक वाढली, पण जेमतेम. मग आधीचा तडतडाट कशाचा? पापुद्रे झडून धूळ खोलीभर पसरली असेल, अशी त्याला शंका आली. दगड उचलून नेता येतो. श्वासातून आत गेलेली धूळ कोण उचलणार?

तो घाई न करता कामाला लागला. हातमोजे घातले, दगडावर ओलं फडकं हलकेच टाकलं. फुंकर मारायची नाही, झटकायचं नाही, हे याच सरांनी शिकवलेलं. डबी-फडक्यासकट दगड एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत आणि मग सगळं शिशाच्या पेटीत. टेबल पुसलं, ते फडकंही पेटीत गेलं. पेटी त्याने स्वतः खाली नेऊन आपल्या गाडीत ठेवली. दगड हाती लागला, आता एकदा खोली तपासतो, असं मुलीला सांगितलं. तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला.

तो वर आला, यंत्र चालू केलं. तडतडाट तसाच होता.

"सर, दुसरा दगड कुठे आहे?"

"एकच होता."

"खोटं बोलू नका. खाली तुमची मुलगी आहे."

सरांनी मान खाली घातली. तपासनिसाने कपाट उपसलं, पुस्तकं काढली, पलंगाखाली शिरला. उशी तडतडली. खुर्ची तडतडली. मोरीतला पेलासुद्धा तडतडला. एवढं पसरलं असेल तर घराला टाळं लावण्याशिवाय इलाज नव्हता, आणि तसं झालं की मुलगी या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा बघणार नव्हती.

"ताईंना काय सांगू मी?" तो चिडून म्हणाला. "तुमच्या हौसेपायी पोटातलं बाळ धोक्यात आलंय, असं सांगू?"

सर उठून जवळ आले. त्यांनी स्वेटरची उंच कॉलर खाली ओढली. गळ्यावर आडवा, अजून लालसर व्रण होता. त्यांनी यंत्राची नळी धरून तिथे टेकवली, आणि टिकटिक उरलीच नाही, एकसलग किंकाळी झाली.

"डोंगरात नाही, दोन्हीदा इस्पितळात गेलो होतो. आधी कॅन्सरची गाठ काढली," ते म्हणाले. "उरलंसुरलं जाळायला या खेपेला किरणोत्सारी औषध दिलंय. आठवडाभरात उतरेल. बाळंतपण होईपर्यंत तिला यातलं काही कळता कामा नये."

तपासनिसाने यंत्र बंद केलं. खालून चिंगीची हाक आली, आजोबा, मी वर येऊ का?

"पण मग दगड कशाला आणलात, सर?"

"दोघींना माझ्यापासून लांब ठेवायला."