मिटलेला लॅपटॉप

ती खोलीत आली की नवरा झटकन लॅपटॉप मिटायचा. दार लावून हळू आवाजात बोलत बसायचा. पाणी कुठेतरी मुरतंय, अशी तिची खात्रीच झाली. रविवारी तो आंघोळीला गेला तेव्हा तिने लॅपटॉप उघडला. कुणा बाईचा फोटो नाही की निरोप नाही. नुसते कोडिंगचे सोपे प्रश्न: यादी उलटी करा, सर्वांत मोठी संख्या शोधा. एवढा जुना प्रोग्रामर हे कशाला घोकतोय? मग तिच्या लक्षात आलं. असले प्रश्न नोकरीच्या मुलाखतीत विचारतात.

तो डोकं पुसत बाहेर आला आणि तिला पाहून दारातच थिजला.

"नोकरी कधी गेली?" तिने विचारलं.

"झाले दोन-तीन महिने."

"मग रोज डबा घेऊन जातोस कुठे?"

"वाचनालयात," तो म्हणाला. "तिथे कुणी काही विचारत नाही."