दुसरीकडे सर

"हे तुम्ही लिहिलेलं नाही," प्राचार्य म्हणाले. "तसं सांगा आणि मोकळे व्हा."

प्राध्यापकांसमोर टेबलावर एका पोस्टची छापील प्रत होती. पोस्ट त्यांच्याच खात्यावरची. दहापैकी नऊ विद्यार्थी नोकरीला लागतात अशी कॉलेजची जाहिरात होती. पोस्टमध्ये लिहिलं होतं की, दुकानात चार दिवस उभं राहिलेली पोरंही कॉलेजने नोकरदार म्हणून मोजली आहेत. शेवटचं वाक्य सगळ्यात झोंबणारं होतं: हे साफ खोटं आहे. दोन दिवसांत ते गावभर झालं आणि संस्थाचालक खवळले.

चौकशी समितीतले तिघेही प्राध्यापकांना ओळखून होते. अर्थशास्त्राचा हा माणूस उभ्या हयातीत एका बाजूने बोलला नव्हता. महागाई वाईट का, असं विचारलं तरी म्हणायचे, "एकीकडे वाईटच. दुसरीकडे पाहिलं तर..." मुलांनी त्यांचं नावच 'दुसरीकडे सर' ठेवलं होतं. लग्नाला होकार देतानाही यांनी दोन्ही बाजू मांडल्या होत्या, असं बायको सांगायची. त्यांचं कधी कुणाशी वाकडं आलं नाही. येत्या महिन्यात विभागप्रमुखाची खुर्ची त्यांचीच होती.

"पोस्ट पडली तेव्हा तुम्ही वर्गात होतात," प्राचार्यांनी समजावलं. जुने स्नेही ते, मनापासून वाचवायला बघत होते. "विभागातल्या कॉम्प्युटरवर तुमचं खातं कायम उघडं असतं, हे शिपायालाही ठाऊक आहे. कुणीतरी आगाऊपणा केलाय. 'साफ खोटं' असं तुम्ही स्वप्नातसुद्धा म्हणणार नाही! कोण ते आम्ही शोधतो आणि त्याला घरी पाठवतो."

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पोस्ट माझी आहे," ते म्हणाले.

आता 'दुसरीकडे' येईल म्हणून तिघेही थांबले. ते आलंच नाही.

विभागाच्या दारात तात्पुरत्या नेमणुकीवरची तरुण प्राध्यापिका उभी होती. त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. रडून डोळे सुजले होते. पोस्ट तिची होती. आपलंच खातं समजून तिने ती भीत भीत लिहिली आणि वरचं नाव बघायचं राहून गेलं. त्याच संध्याकाळी तिने फोन करून सरांना सगळं सांगितलं. ते नुसतं "बघतो" म्हणाले. त्यानंतर पोस्ट उघडायची तिची हिंमत झाली नव्हती.

"सर, काय झालं?"

"खुर्ची गेली. नोकरीचं कळवतील."

"मी आत्ता जाऊन सांगते. माझ्यापायी तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"खोटं नाही गं." प्राध्यापक खुर्चीत टेकले. चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता. "तुझा फोन आल्यावर पोस्ट काढून टाकायलाच बसलो होतो. म्हटलं, आधी दुसरी बाजू बघू. सवयच ना! मागच्या वर्षीच्या पोरांना एकेक करून फोन लावले. दुसरी बाजू काही सापडली नाही."

मग ते जरा ओशाळून हसले.

"तू शेवटी लिहिलं होतंस, 'आकडे तपासून पाहावेत.' ते 'साफ खोटं' मी केलं."