बंधाऱ्यावरचा पहारेकरी

“याला तरी अस्तर दिलंय का, ताई?” शिंपीमास्तरांनी टेबलावरची मातीची बाहुली उचलून तिचं चिलखत चष्म्याजवळ नेलं. “गेल्या वेळच्या दरोडेखोरांचे खांदे पार सोलवटले असणार. लढायच्या आधीच निम्मे मेले होते बिचारे.”

दातांची डॉक्टर खळखळून हसली. पोस्टमनकाका हसले नाहीत. ते बाहुलीकडे बघत होते.

शनिवारची दुपार होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या कपाटांमध्ये ही मंडळी दर आठवड्याला फासे टाकत रंगवायचा गोष्टीचा खेळ खेळायला बसत. गोष्टीत मास्तर कुऱ्हाडवाले बुटके वीर होत, डॉक्टर जादूगारीण, आणि चार महिन्यांपूर्वी आलेले निवृत्त पोस्टमनकाका वाटाड्या. खेळ चालवायच्या ताई. त्या खालच्या मजल्यावर पुस्तकं बांधायच्या आणि उरलेल्या पुठ्ठ्यांवर या तिघांसाठी शत्रू तयार करायच्या.

ताईंचे शत्रू माणसंच असत. फार तर कान लांब, नाहीतर कातडी हिरवट. “राक्षस सोपा,” त्या म्हणायच्या. “मारला की विषय संपला. माणसासारखा असला, तर हात अडला पाहिजे.” प्रत्येक पुठ्ठ्यावर ताकद, चिलखत, जीव यांचे आकडे असत आणि खाली तीन ओळी. याला काय हवंय, कशाची भीती वाटते, कधी पळून जाईल.

गेले कित्येक महिने मात्र हे शत्रू एकमेकांचे भाऊ वाटायला लागले होते. दिवा लावायला विसरलेला दीपगृहवाला. दार उघडं टाकून गेलेला किल्लेदार. प्रत्येकाच्या हलगर्जीपणाने कुणाचं तरी मूल गेलेलं. आणि प्रत्येकाच्या तिसऱ्या ओळीत एकच उत्तर, पळणार नाही.

“एवढे बारकावे सुचतात कुठून?” मास्तरांनी एकदा विचारलं होतं.

“एकाच माणसाला मी इतकं जवळून ओळखते,” ताई म्हणाल्या होत्या.

मास्तरांनी पुढे विचारलं नाही. ताईंची लहानगी पाण्यात गेली, असं डॉक्टरने कुठूनसं ऐकलं होतं आणि त्यांच्या कानावर घातलं होतं. खरं-खोटं करायचा धीर कुणाला झाला नाही. ताईंनीही कधी काही सांगितलं नाही. तेव्हापासून हे दोघं, तिला बुडू देणारा तोच माणूस समजून, दर शनिवारी प्रत्येक शत्रूला जीव तोडून मारत.

काका मारत नसत. त्यांचा वाटाड्या आधी बोलायला पुढे होई. पण त्याचं तोंड उघडेपर्यंत मास्तरांची कुऱ्हाड पडलेली असे.

“बंधाऱ्यावर एक पहारेकरी उभा आहे,” ताईंनी सुरुवात केली. “बारा वर्षं तो तिथून हललेला नाही. कुणालाच पाण्याजवळ फिरकू देत नाही. सात वर्षांची एक मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत बुडाली.” त्यांनी बाहुली फिरवून पाठमोरी ठेवली. “डोळ्यांदेखत नाही. पाठ होती त्याची.”

मास्तरांनी फासा उचलला. काकांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“आज मी आधी, मास्तर. वाटाड्या काठी खाली ठेवतो. पहारेकऱ्यासमोर बसतो.” मग ताईंकडे बघत ते म्हणाले, “तू त्या वेळी काय करत होतास?”

ताईंनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. तिथे हे लिहिलेलं नव्हतं. डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

“सोबतचा पहारेकरी साहेबांची नक्कल करत होता,” पहारेकऱ्याच्या घोगऱ्या आवाजात त्या म्हणाल्या. “मी हसत होतो.”

“किती वेळ?”

“पोट दुखेपर्यंत.”

“हाक ऐकू आली नाही?”

“आली. वाटलं, मुलं खेळतायत.” घोगरा आवाज सुटला आणि त्यांचा स्वतःचा आला. “वळले तेव्हा पाणी अगदी शांत होतं.”

डॉक्टरने डोळे पुसले. “सोडू या याला, मास्तर. ताईंसाठी.”

मास्तरांनी फासा डबीत टाकला. पहारेकरी बाजूला झाला आणि तिघं बंधारा ओलांडून गेले. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच कुणी मेलं नाही.

निघताना डॉक्टरने ताईंना मिठी मारली. “केवढं मोठं मन तुमचं. माझी मुलगी असती ना, तर मला नसतं जमलं.”

ताई तिच्या मिठीतून सुटून टेबलाकडे वळल्या. मास्तर आणि डॉक्टर जिना उतरून गेले.

काका मागे राहिले. ते एकेक खिडकी लावत होते. ताई पुठ्ठे गोळा करत होत्या. त्यांचा चेहरा निवळला होता.

“फार हलकं वाटलं आज, काका. तुम्ही विचारलंत म्हणून. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.”

“विचारलं होतं,” काका म्हणाले. “बारा वर्षांपूर्वी, पोहण्याच्या तलावावरच्या दुर्घटनेच्या चौकशीत. जीवरक्षक म्हणून तुमचा जबाब झाला. मी मागच्या बाकावर होतो. तुम्ही म्हणालात, मी त्या वेळी दुसऱ्या एका मुलाला बाहेर काढत होते.”

ताईंच्या हातातले पुठ्ठे खाली पडले.

काकांनी शेवटच्या खिडकीची कडी सरकवली. “माझी नात होती ती. तिची आई अजून मला म्हणते, ‘बाबा, निदान ते दुसरं मूल तरी वाचलं.’”