भुयारातला मागचा माणूस

साहेब, किल्ल्यावर ज्योत्स्नाताईंना एकटं पाडलं ते तुम्हीच. भुयारात पुढं माहिती सांगायला एक आणि मागं पोरं सांभाळायला एक, अशी दोन माणसं लागतात. दोन वर्षं झाली, मागचा माणूस तुम्ही दिलाच नाही.

परवा युसूफ वडगाव या गावची शाळा सहलीला आली. ताई बॅटरी घेऊन पुढं चालल्या. आपल्यामागं कुणी नसतं, याची त्यांना सवय झालीय.

बाहेर आल्यावर गुरुजी हसले. "मॅडम, तुमचे मागचे काका लई कडक हायत बुवा! एकालाबी मागं राहू देईनात."

ताईंनी पोरं मोजली. सगळी होती.

"कुठं हायत काका?"

"आतच थांबले. म्हणले, ताईंना पाठवा, आता त्या एकट्याच राहिल्यात."

साहेब, हा माणूस तुम्ही नेमलाय का? आज दुपारी दुसरी शाळा येतेय. ताईंनी आत जावं का? बोला की!