बोथट काटे

तात्यांनी झावळी खाली ओढली आणि त्यांचा हात थांबला. देठावरचे काटे कोणीतरी छाटले होते.

पामांची छाटणी तात्या दरवर्षी स्वतःच करत. हाताला गोणपाट गुंडाळायचं, वाळक्या झावळ्या कोयत्याने बुंध्याशी तोडायच्या, हिरव्यांना धक्का लावायचा नाही. माळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तसा तो कोणावरच नव्हता. दादरच्या त्या बैठ्या घराच्या मागच्या दारापासून तुळशीवृंदावनापर्यंत त्यांनी ओळीने पाम लावले होते, ते शोभेसाठी, असं ते सांगत. खरा जीव होता देठांवरच्या बोटभर काट्यांवर. वृंदावनामागची भिंत बुटकी होती, आणि राखणदार लाच खातो, काटा खात नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांनी एकेक पाम तपासला. वरचे काटे शाबूत, खालचेही शाबूत. फक्त कमरेच्या उंचीचे, वाटेच्या बाजूचे तेवढे गायब. आणि ते थेट शेवटच्या पामापर्यंत! कोणीतरी पद्धतशीर वाट करून ठेवली होती.

जगदीश! दुसरं कोण असणार?

जगदीश म्हणजे पडवीतल्या खोलीतला भाडेकरू. लालबागच्या चाळीत वाढलेला, गिरणीत कारकून, आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या एकूण एक सभांना हजर. लाठीमार झाला की पोरं गल्लीबोळांतून पळत सुटतात. त्यांना भिंतीवरून उडी मारून अंगणातून पसार व्हायला ही सोय केलेली दिसत होती. उद्या पोलीस दारात आले, तर नुकत्याच निवृत्त झालेल्या तात्यांचं सरकारी पेन्शन गेलंच म्हणायचं.

संशयाला एकदा पाय फुटले की तो घरभर हिंडतो. जन्मात कधी राजकारणात लक्ष न घातलेल्या कौसल्याबाई हल्ली रोज सकाळी म्हणत, “पेपर जरा मोठ्याने वाचा ना.” त्यांचे कान यानेच भरले असणार! भातात रोज खडे लागत होते, त्यासाठी तात्यांनी दोन वाणी बदलले होते. पण हे वाण्यापेक्षा भारी प्रकरण होतं.

त्यांनी जगदीशला हाक मारली. कामावर निघालेला जगदीश तसाच अंगणात आला. त्याच्याही अंगात तात्यांसारखाच पांढरा सदरा-लेंगा होता.

“महिनाअखेर खोली रिकामी कर,” तात्या गरजले. “माझ्या पामांचे काटे कापतोस?”

“मी कशाला कापू, तात्या? आईशप्पथ, मी हात पण नाय लावला. बायकोला आठवा लागलाय. आता कुठं खोली शोधू?”

“मग काय भुतं येऊन कापतात? थांब, पुरावाच दाखवतो.”

तात्या तणतणत शेवटच्या पामाकडे गेले. जगदीश होता तिथेच उभा राहिला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुंबईत खोली गेली म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

एवढ्यात कौसल्याबाई मागच्या दारातून बाहेर आल्या. अंगणात सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं. पायऱ्या उतरून त्या नवऱ्याकडे न येता सरळ जगदीशसमोर जाऊन थांबल्या. झाली, बायकोही त्याच्या बाजूची झाली, असं तात्यांना वाटलं, आणि त्यांचं डोकं आणखीच भडकलं.

“अहो, ऐका,” कौसल्याबाई म्हणाल्या. “त्या पोराला घालवू नका. काटे मी कापले. अडकित्त्याने.”

शेवटच्या पामापाशी तात्यांनी समोरच्या बोथट देठावरून बोट फिरवलं.

“तुळशीला पाणी घालायला जाताना हाताला लागायचे. हल्ली जरा अंधुक दिसतं, म्हणून झाडांना हात लावत लावत जाते. फार काही नाही. तुमच्या जिवाला उगीच घोर नको, म्हणून बोलले नाही. पण आता त्या पोराच्या डोक्यावरचं छप्पर जायला लागलं... अहो, रागावलात का? बोला ना काहीतरी.”

मग जगदीशने हलकेच त्यांचा हात धरला.

“काकू,” तो म्हणाला, “तात्या तिकडं उभे आहेत.”