बिनडाग काकांची शेवटची हीट

"काका, तुमची शेवटची हीट नापास झालीय," तपासनीस मुलगी म्हणाली आणि तिने डोळा लगेच सूक्ष्मदर्शकाला लावला. वाईट बातमी देणाऱ्याला नजर ठेवायला जागा लागते. तिला ती आयतीच मिळाली.

भट्टीवाले काका शनिवारी निवृत्त होणार होते. एकतीस वर्षांत त्यांनी ओतलेल्या पोलादाची एकही हीट, म्हणजे भट्टीतला एकही घाणा, परत आली नव्हती. कारखाना त्यांना 'बिनडाग' म्हणे. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे जळफळत.

"बघू दे."

बारीक पूड लावलेल्या फिरत्या कापडावर घासून तिने हीटमधल्या नमुन्याच्या तुकड्याचा आरसा केला होता. त्यावर तीळ उधळावेत तसे काळे कण. असे कण पोलादात राहिले, की चालत्या गाडीचा आस मोडतो.

"पुन्हा घासून बघितलंस?"

"दोनदा. दुसऱ्यांदा तर जास्तच दिसले."

काकांनी कापडावरून बोट फिरवलं, अंगठ्याशी चोळलं.

"तुझे उमेदवारीचे सहा महिने कधी भरतायत गं?"

"सोमवारी. आधीचा एका चुकीच्या अहवालावर घरी गेला, म्हणून मी फार जपते."

"जपायलाच हवं."

"काका, जरा सौम्य शब्दांत लिहू का?" तिला मनापासून वाईट वाटत होतं. एवढ्या वर्षांचं नाव, आणि ते आपल्या हातून जायचं!

"छे! नापास ते नापास. डोळे गेले, पोरी, राहिला असेल गाळ. आण, सही करतो."

सही करून त्यांनी बेसिनवर हात धुतले. बराच वेळ धुतले.

हीट पुन्हा भट्टीत गेली. निरोपाच्या भाषणात साहेबांनी 'बिनडाग' हा शब्द शिताफीने टाळला. मागच्या रांगेत कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं. काकांनी चहा संपवला, कप जागेवर ठेवला आणि ते गेले.

सोमवारी मुलगी कायम झाली. काकांची आठवण म्हणून तो तुकडा जपून ठेवावा, असं मनात येऊन तिने खण उघडला. तुकड्याखाली जाड अक्षरांत चिठ्ठी होती.

"पोरी, कापडात आधीची जाड पूड अडकली होती, तिचेच ते कण. नवं कापड लावलंय. आता घासून बघ."

तिने घासला. सूक्ष्मदर्शकात स्वतःच्या ओल्या पापणीखेरीज काहीच दिसलं नाही.